तळाची पायली

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका, मला तेव्हा कोणी बोलावलं नव्हतं. एका डोंगराच्या पायथ्याशी सात गावं होती आणि सात गावांत मिळून एकच कोठार होतं. पण कोठार म्हणजे काय कोठार! पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं असं.

ते डोंगराच्या पोटात उभं कोरलेलं होतं. दार एवढंसं, बैलगाडी कशीबशी जाईल इतकं. आत चार पावलं टाकली की जमीन संपायची आणि खाली, खाली, अजून खाली असे सात मजले. मधोमध विहिरीसारखी पोकळी, कडेकडेनं दगडी पायऱ्या आणि प्रत्येक मजल्यावर शेणानं सारवलेल्या कणग्यांच्या रांगा. एकेका मजल्यावर एका गावाला वर्षभर पुरेल एवढी ज्वारी. वरून हाक मारली तर ती तळाला जाऊन परत येईपर्यंत हाक मारणारा विसरून जायचा की आपण काय ओरडलो. कोणी खोदलं, कधी खोदलं, कोणालाच ठाऊक नव्हतं. गावातला सगळ्यात भांडखोर माणूससुद्धा तिथं आला की आवाज खाली करायचा.

त्या मुलखाचा राजा शहाणा होता. असतात, गोष्टीतले राजे कधीकधी असतात. त्यानं नियम घातला होता की दुसऱ्याचं धान्य सांभाळायचं तर परवाना हवा. परवाना म्हणजे तांब्याची एक पाटी. तिच्यावर दोनच शब्द: ‘धान्य उत्तम’. दरसाल राजाचा पारखी यायचा, कोठार तपासायचा, तपासणीचं शुल्क घ्यायचा आणि मग पाटी वर्षभर दारावर राहायची.

शुल्क किती? एक पायली ज्वारी. बस्स. पण ती अगदी खालच्या, सातव्या मजल्यावरची हवी. कोठारी आणि पारखी दोघांनी उतरून ती आणायची, तिथंच दारात दळायची, भाकऱ्या थापायच्या आणि लोकांसमोर दोघांनी एकेक खायची. उरलेल्या भाकऱ्या जमलेल्या पोराबाळांना. तिला सगळे ‘तळाची पायली’ म्हणायचे.

आता या कोठाराचा कोठारी. माणूस वाईट नव्हता हं. चोर तर मुळीच नव्हता, दुसऱ्याच्या दाण्याला कधी हात लावायचा नाही. पण भारी घाईचा. पाच वर्षांपूर्वी त्याचे वडील वारले आणि किल्ल्या त्याच्या कमरेला आल्या. वडील त्याला नेहमी म्हणायचे, “एकदा सातव्यावर उतरून बघ.” हा विचारायचा, “काय आहे तिथं?” ते म्हणायचे, “उतरशील तेव्हा कळेल.” आणि हा म्हणायचा, बघू पुढच्या वर्षी.

त्याच साली नवा पारखी आला, घोड्यावर बसून. कोठारी त्याला म्हणाला, “साहेब, एका पायलीसाठी सात मजले उतरायचे आणि सात मजले चढायचे! चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. ज्वारी ती ज्वारी. वरच्या मजल्यावरच्या दोन पायल्या देतो. चालेल?”

पारखी घोड्यावरून खालीसुद्धा उतरला नाही. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, हा घोड्यावरून कोठारं तपासायचा. “चालेल की,” तो म्हणाला.

असं एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. शुल्क वेळेवर, दुप्पट. पाटी घासूनपुसून लख्ख. धान्य वरच्या तीन मजल्यांतून काढायचं, वरच्याच तीन मजल्यांत भरायचं. सुगी चांगली होती, खाली जायची गरजच पडली नाही. कोठारी मिशांना पीळ देऊन सांगायचा, “पाच वर्षांत माझ्या कोठाराला एक बोल लागलेला नाही.” आणि ते खरंही होतं, बोल लावायला आत गेलंच होतं कोण?

सहाव्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. उभी पिकं करपली. सात गावांतले लोक रिकामी पोती घेऊन कोठाराच्या दाराशी आले. कोणी रडत नव्हतं, कोणी घाबरलंही नव्हतं. डोंगराच्या पोटात सात मजले ज्वारी आहे म्हटल्यावर घाबरायचं कशाला?

नेमकी त्याच सकाळी पारखी आली, पण या वेळी दुसरीच. घोडा नाही, शिपाई नाही. एक म्हातारी बाई, खांद्यावर दोराचं भलं मोठं वेटोळं, एका हातात दिवा, काखेत तवा. पोरं तर हसायलाच लागली. त्यांतलं एक म्हणालं, “आजीबाई, यात्रा पुढच्या गावाला आहे!”

कोठाऱ्यानं मात्र अदबीनं दोन पायल्या ज्वारी पुढे केली. “या पारखीणबाई. हे शुल्क. दुप्पट आहे.”

तिनं मूठभर दाणे घेतले, नाकाशी नेले. “ही पहिल्या मजल्यावरची.”

“ज्वारीला काय हो वरचं नि खालचं?”

“अरे बाबा, राजाच्या घरी ज्वारी कमी आहे का? हे शुल्क ज्वारीचं नाही, उतरण्याचं आहे. तू दुप्पट दिलंस ते न उतरण्याचं. ते घ्यायचा मला हुकूम नाही.”

कोठारी चिडला. एवढी माणसं पोती घेऊन उभी आणि ही बाई नियम सांगतेय! “लोक उपाशी आहेत, बाई! आज वाटप करायचं की पायऱ्या मोजत बसायचं?”

“उपाशी आहेत म्हणूनच तर,” ती म्हणाली.

“बरं! तळाचीच हवी ना? हा गेलो आणि हा आलो!” त्यानं धोतराचा काचा मारला, पायली उचलली आणि तरातरा पायऱ्यांकडे निघाला.

“थांब!” म्हातारी अशी कडाडली की कोठारी जागच्या जागी थबकला. “आधी दिवा.”

तिनं दिवा पेटवला. वात पुढे सरकवताना तिचा अंगठा दिसला, बाहेरच्या अंगाला चांगलाच वाकलेला. मग दिवा दोराला बांधून तिनं मधल्या पोकळीत सोडला. पहिला मजला गेला, दुसरा गेला, तिसरा, चौथा. अंधारात ज्योत लहान लहान होत चालली. लोक कठड्याशी दाटीवाटीनं वाकून बघत होते.

पाचव्या मजल्याशी दिवा विझला.

“वारा असेल,” कोठारी म्हणाला.

म्हातारीनं दिवा वर घेतला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पाचव्या मजल्याशी विझला. अगदी तिथंच. तिसऱ्यांदा सोडला तेव्हा कोणी पापणी लववली नाही. ज्योत पाचव्या मजल्याशी आली, निळसर झाली आणि कोणीतरी बोटांनी चिमटावी तशी गेली. ना वारा, ना आवाज. एका बाईनं आपल्या लेकराला पोटाशी धरलं.

“तळाला दाणा कुजतोय,” म्हातारी म्हणाली. “कुजका दाणा हवा खातो. पाच वर्षं कोणी तिथं ये-जा केली नाही, हवा हलली नाही. आता जिथं दिवा जगत नाही तिथं माणूसही जगत नाही. तू सहाव्या मजल्यावर पोचायच्या आधीच मेला असतास. तुला शोधायला जो गेला असता तोही.”

कोठाऱ्याच्या हातातली पायली खाली पडली. घरंगळत गेली आणि पायऱ्यांवरून ठण ठण करत किती तरी वेळ खाली वाजत राहिली.

मग म्हातारीनं सगळ्यांना कामाला लावलं. कडुनिंबाच्या फांद्यांचे मोठाले भारे दोराला बांधले आणि पोकळीत खालवर, खालवर ओढायला सांगितले. विहिरीचं पाणी उपसतात तशी हवा उपसायची! पोती बाजूला पडली. सातही गावांनी पाळीपाळीनं दोर ओढले. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा सोडला तेव्हा तो पाचवा मजला ओलांडून गेला, सहावा ओलांडला आणि थेट तळाला टेकला. तिथं जळत राहिला, तांदळाच्या दाण्याएवढा दिसत होता. सगळे नुसते बघत राहिले.

“माझे गुडघे खाली नेतील, पण वर आणायचे नाहीत,” म्हातारी म्हणाली. “तू जा. पायली तू आण. मी तुझ्यावर विसंबते.”

कोठारी दुसरा दिवा आणि दुसरी पायली घेऊन उतरला. उतरला, उतरला. वरचं दार नाण्याएवढं झालं, मग टिकलीएवढं. आणि सातव्या मजल्यावर त्यानं दिवा उंच धरला.

भिंतभर हात होते! चुन्यात बुडवून उमटवलेले पंजे, जोडीजोडीनं. एक कोठाऱ्याचा, एक पारख्याचा. दर वर्षाची एक जोडी. शेकडो जोड्या, ओळीखाली ओळ, दिव्याचा उजेड पोचेल तिथपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे. खालचे पंजे इतके जुने की चुना दगडात मुरून गेला होता. त्यात जाड बोटांचे होते, नाजूक बोटांचे होते, एक तर सहा बोटांचा होता. एवढी माणसं इथं उतरली होती! कोणी बघायला नसताना, एका पायलीसाठी! देवळात शिरताना काढावेत तसे त्यानं पायातले जोडे काढले.

सगळ्यात वरच्या ओळीत त्याला एक पंजा दिसला, अर्ध्या करंगळीचा. त्याच्या वडिलांचा. विळा लागून त्यांची करंगळी तुटली होती. आणि शेजारी, वर्षामागून वर्षं, एकच लहानसा पंजा, अंगठा बाहेर वाकलेला.

त्याच्यापुढे भिंत कोरी होती. पाच वर्षांची कोरी.

कोठाऱ्याला रडू फुटलं. डोळे पुसत तो कणग्यांकडे वळला. भिंतीत बोटभर रुंद भेग पडली होती. गेल्या पावसाळ्यांतलं पाणी तिच्यातून झिरपून कणग्यांत उतरलं होतं. त्यानं हात घातला तर ज्वारी काळी, चिकट, आतून गरम. सातवा मजला सगळा गेला होता. एका गावाचं वर्षभराचं अन्न.

फक्त पायरीजवळची एक कणगी वाचली होती. तिच्यातले दाणे पांढरेशुभ्र होते. कोठारी तिच्यासमोर उभा राहिला. इथली एक पायली भरून नेली तर? खोटंही नाही, ज्वारी सातव्या मजल्यावरचीच. पाटी राहील, नाव राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची. बघणारं होतं कोण?

त्यानं पांढऱ्या दाण्यांची पायली भरली, वळला, आणि समोर ते सगळे हात. आपल्यालाच थांबवायला उचललेले वाटावेत असे. त्यानं पायली ओतून टाकली आणि काळ्या दाण्यांनी भरली.

वर आला तेव्हा म्हातारीनं जातं मांडून ठेवलं होतं, चूल पेटवली होती. पोरं भाकरीच्या आशेनं रांगेत बसली होती. कोठाऱ्यानं पायली तिच्यापुढे ठेवली. वास आला तशी माणसं मागे सरली.

म्हातारीनं शांतपणे जात्यात मूठ टाकायला हात उचलला. “एक भाकरी तू खायची, एक मी. उरलेल्या या पोरांना. दारावर लिहिलंयच, ‘धान्य उत्तम’.”

“नको!” कोठाऱ्यानं तिचा हात धरला. “नको बाई! विष आहे ते!”

मग तो उठला. स्वतःच्या हातानं त्यानं तांब्याची पाटी दारावरून उतरवली आणि सात गावांसमोर उभा राहिला. “पाच वर्षं मी खाली उतरलो नाही. उतरलो असतो तर पहिल्याच वर्षी भेग दिसली असती. मूठभर चुन्यानं बुजली असती. सातवा मजला गेला. गुन्हेगार मी आहे.”

दोर ओढून हाताला फोड आलेला एक शेतकरी पुढे झाला. “हे लपवलं असतंस तर हाच दाणा खाऊन आमची पोरं मेली असती,” तो म्हणाला. “सहा मजले आहेत ना? सहाचे सात वाटे करू. एकेक घास कमी खाऊ.” तसंच झालं. सहा मजल्यांचे सात वाटे झाले. कोठाऱ्यानं आपला वाटा सगळ्यांत शेवटी घेतला, आणि तोही निम्माच. दुष्काळ सरला. सात गावांतलं एकही माणूस दगावलं नाही.

तो घोड्यावरचा पारखी? त्याचं पुढं काय झालं मला माहीत नाही. बढती मिळाली असेल बहुतेक.

पुढच्या वर्षी सुगी झाली, कोठार भरलं, भेग बुजली. म्हातारी पुन्हा आली. कोठारी तिच्यापुढे पाठ करून बसला. तिला पाठुंगळी घेऊन तो सात मजले उतरला. दोघांनी चुन्यात हात बुडवले आणि मधली कोरी जागा तशीच सोडून तिच्यापुढे दोन पंजे उमटवले.

“ही जागा भरून का नाही काढायची?” त्यानं विचारलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “पुढच्या कोठाऱ्याला तीही वाचता आली पाहिजे.”

मग ते पायली घेऊन वर आले, दारात भाकऱ्या भाजल्या आणि पहिला घास कोठाऱ्यानं खाल्ला. त्यानंतरच पाटी दारावर चढली.

तात्पर्य: शुल्क भरल्यानं पाटी मिळते, भरवसा नाही. जो स्वतः तळापर्यंत उतरतो, त्यानंच म्हणावं, ‘धान्य उत्तम’.