आपट्यावर टांगलेले शिंग

गोष्ट फार जुनी आहे, आणि ती मला जशीच्या तशी आठवते आहे अशी खात्री मी देत नाही. लहानपणी ऐकलेली गोष्ट म्हातारपणी सांगताना माणूस नकळत तिच्यात आपले काहीबाही मिसळतो. बैल पांढरा होता की कबरा, इथे मी अजूनही अडखळतो. पण आपट्याचे झाड होते, तांब्याचे शिंग होते आणि एका माणसाच्या छातीत धडधडत होते, एवढे नक्की. तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून चोरून ऐकणाऱ्या आजोबांनो, आपण बैल पांढरा धरून चालू.

ज्या काळी डोंगरातून फक्त बैलांचे तांडे जात, त्या काळी घाटमाथ्यावर एक गाव होते. गावापुढे खिंड होती. खिंडीतून एक अरुंद वाट कड्याच्या कडेने खाली समुद्राकडे उतरत होती. पाठीवर धान्याच्या गोण्या घेऊन बैल त्या वाटेने खाली जात आणि मीठ घेऊन वर येत.

पहाटे खिंडीत असे धुके दाटे की बैलाला पुढच्या बैलाची शेपटी दिसत नसे. म्हणून खिंडीच्या तोंडाशी, उंच कातळावर, एक माणूस तांब्याचे मोठे शिंग फुंकत उभा राही. त्या आवाजाच्या अंदाजाने तांडे पावले टाकत. आवाज कोणत्या कानाला लागला म्हणजे दरी जवळ आली, हे प्रत्येक बैलाला ठाऊक होते.

हा शिंगवाला कातळावर पहिल्यांदा चढला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होते. आता त्याच्या मिशा पिकल्या होत्या. इतक्या वर्षांत एकही बैल दरीत गेला नव्हता.

पण शिंगातून एकच सूर काढायचा, लांब आणि सरळ, असा नियम होता. दुसरा सूर निघाला तर बैल बिचकणार. त्यामुळे ज्या माणसाला आवाजाची एवढी आवड, त्याने जन्मभर एकच सूर वाजवला होता. दुसरा सूर त्याच्या छातीत दाटून बसला होता. तो कसा आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हते.

त्याला एक समाधान मात्र होते. तो शिंग फुंकून थांबला की पलीकडच्या डोंगरावरून प्रतिध्वनी येई. कधी लगेच येई, कधी जरा रेंगाळून. "दरीसुद्धा मला ओ देते," असे तो गावात सांगे. लोक मान डोलवत.

अशाच एका तांड्याचा पुढारी होता तो पांढरा बैल. दर दसऱ्याला त्याचा तांडा गावात मुक्काम करी आणि दुसऱ्या पहाटे समुद्राकडे निघे. त्या काळी बैल बोलत. आता बोलत नाहीत की आपण ऐकत नाही, कोण जाणे.

बैल म्हणे, "समुद्रावर वाळूत शंख पडलेले असतात. कोणी उचलावा, कोणी फुंकावा. कसलाही सूर काढावा. ऐकून कोणी पडत नाही, कोणी वाचत नाही."

"कसलाही?" शिंगवाला विचारी.

"कसलाही. मागच्या खेपेला एक माकड फुंकत होते."

मग रात्रभर शिंगवाल्याला झोप येत नसे.

आता या गावाची एक रीत ऐका. कोणाला आपले काम सोडायचे असेल तर त्याने तोंडाने सांगायचे नाही. नवमीला हत्यारांची पूजा होई. दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला, त्याने आपले हत्यार शिवेवरच्या आपट्याच्या झाडाला टांगायचे. ज्याला ते काम हवे असेल त्याने ते खाली काढून घ्यायचे. सूर्य बुडेपर्यंत पहिल्या मालकाला "माझे" म्हणून ते परत मागता येई. सूर्य बुडाला की काम नव्या हातात गेले. आणि कोणी घेतलेच नाही, तर मालकाने मुकाट्याने ते उतरवायचे आणि आणखी वर्षभर राबायचे.

पण हत्यार झाडावर दिसत नसताना दुसऱ्याचे काम मागायचे, म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहायची, असे ते लोक समजत. म्हणून कोणी मागत नसे.

शिंगवाला बरीच वर्षे दसऱ्याला शिवेवर जात होता. गाव सणाच्या स्वयंपाकात गुंतलेले असताना तो शिंग फांदीला अडकवी आणि झाडाखाली उभा राही. कोणी घेतले नाही तर? म्हणजे आपल्या कामाची कोणाला किंमत नाही. आणि कोणी घेतले तर? मग आपण कोण? आणि घेणाऱ्याचा दम अर्ध्यावर संपला, बैल दरीत गेले, तर ते पाप कोणाचे? दूर कुठे पाऊल वाजले की तो शिंग काढून घराकडे चालू लागे. आपण टांगले होते, हे तो बैलाला सांगे. किती वेळ, हे सांगत नसे.

त्या वर्षी बैल दसऱ्याच्या सकाळी त्याच्या दारात आला. त्याची मान उतरली होती.

"गड्या, ही माझी शेवटची खेप," बैल म्हणाला. "पुढच्या वर्षी मी गोठ्यात. माझ्यामागे येणारा बैल कामाला चांगला आहे, पण बोलका नाही. तू येणार होतास, असं मी समुद्राला बरीच वर्षं सांगतोय. आता मला त्याच्यासमोर जायची लाज वाटते."

"टांगतो की दरवर्षी," शिंगवाला म्हणाला. "कोणी घेत नाही, त्याला मी काय करू?"

"मीही गोठ्यात असताना म्हणतो, दावं तोडणार होतो," बैल म्हणाला आणि चारा खायला गेला.

शिंगवाल्याला ते लागले. तो तडक शिवेवर गेला. आपटा पानांनी गच्च भरला होता. त्याने शिंग अगदी आतल्या फांदीला अडकवले आणि भोवतीची पाने ओढून घेतली. दोन पावले मागे जाऊन पाहिले. काही दिसत नव्हते. त्याला बरे वाटले. आता ते दिवसभर टांगलेले राहील. संध्याकाळी उतरवू आणि बैलाला छातीवर हात ठेवून सांगू, की या खेपेला दिवसभर होते, कोणी नेले नाही.

मग तो घरी जाऊन झोपला. पहाटेपूर्वी उठणारा माणूस तो, दुपारी गाढ झोपे. गेल्या कित्येक दसऱ्यांना तो असाच झोपला होता. संध्याकाळी लोक दारात येऊन त्याच्या हातावर आपट्याची पाने ठेवत, सोने म्हणून. तोही त्यांच्या हातावर ठेवी. हे सोने सगळ्या गावाला पुरते, तर त्या दिवशी झाडावर काय उरत असेल, हा विचार त्याच्या मनात एकदाही आला नव्हता.

जाग आली तेव्हा उन्हे कलली होती. तो शिवेकडे निघाला. वाटेत एका म्हातारीने त्याच्या हातावर पाने ठेवली. पुढे आणखी कोणी ठेवली. तो हातातल्या पानांकडे पाहू लागला. मग तो चालायचा थांबला, आणि मग पळू लागला.

आपट्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. आतली फांदी साफ उघडी पडली होती. तिच्यावर शिंग नव्हते.

झाडाभोवती गाव उभे होते. मध्ये पाटील होता. त्याच्या शेजारी पलीकडच्या डोंगरावरची एक धनगरीण उभी होती. शेळ्यांमागे हिंडून उन्हाने रापलेली. तिने दोन्ही हातांनी शिंग धरले होते. आदल्या दिवशी चिंचेने घासलेले ते तांबे उन्हात लखलखत होते.

"ये," पाटील म्हणाला. "आम्हाला वाटलं होतं, तू शिंगासकट सरणावर जाणार."

"ते मी वाळायला ठेवलं होतं," शिंगवाला म्हणाला.

"पानांच्या आत?"

"धुक्यानं ओल धरतं."

लोक हसले. पाटील हसला नाही. तो म्हणाला, "सूर्य अजून डोंगरावर आहे. एक शब्द बोल, शिंग तुझं. बाई काही म्हणणार नाही. रीतच आहे तशी."

शिंगवाल्याने सूर्याकडे पाहिले. तो कड्याला टेकायला आला होता. त्याने धनगरणीकडे पाहिले. तिच्या हातांची बोटे शिंगावर घट्ट होती, पण तिने नजर खाली वळवली होती.

"बाई, तुला जमेल का हे?" त्याने विचारले. "शेळ्या हाकण्यासारखं नाही ते. दम लागतो. सूर सरळ राहावा लागतो. नाहीतर उद्या पहाटे सगळा तांडा दरीत जाईल."

"फुंकून दाखवू?"

"धुकं नसताना फुंकायचं नसतं. तेवढंही माहीत नाही तुला?"

"माहीत आहे. हे नाही फुंकत." तिने शिंग काखेत धरले आणि कमरेचे एक जुने म्हशीचे शिंग काढले. तोंडाला लावले. लांब, सरळ, थोडासा खर्जातला सूर निघाला आणि दरीवरून पसरत गेला.

शिंगवाल्याच्या हातातली पाने खाली पडली.

"हा तर माझा प्रतिध्वनी," तो म्हणाला.

"तुमचा नाही, दादा. माझाच आहे," ती म्हणाली. "लग्न होऊन डोंगरावर आले त्या पहाटे पहिल्यांदा तुमचं शिंग ऐकलं. तेव्हापासून शिकतेय. तुम्ही फुंकून थांबलात की मी फुंकायची. कधी शेळी व्यायची असली की जरा उशीर व्हायचा. मागायचं कसं? तुम्ही तर कधी टांगलं नाहीत."

"टांगलं होतं," तो पुटपुटला.

"कधी?"

गर्दीच्या मागे पांढऱ्या बैलाने मान हलवली आणि त्याच्या गळ्यातली घंटा वाजली. सूर्याची नुसती किनार उरली होती. "माझे" हा शब्द शिंगवाल्याच्या जिभेवर आला. आणि तो बोलणार, तोच त्याच्या छातीतला दुसरा सूर असा काही उसळला की तोंडातून शब्दाऐवजी हसूच बाहेर पडले. त्याला ते आवरेना. हसता हसता त्याने कड्याकडे पाहिले, तर सूर्य गेला होता.

"झालं," पाटील म्हणाला.

"झालं," शिंगवाला म्हणाला. त्याला आपले खांदे हलके वाटले, आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम.

दुसऱ्या पहाटे खिंडीत धुके इतके दाट होते, की हात पुढे केला तर बोटे दिसेनात. शिंगवाला आयुष्यात पहिल्यांदा कातळाखालून चालत होता, बैलाच्या वशिंडावर हात ठेवून. डाव्या हाताला दरी होती. ती दिसत नव्हती, पण तिचा गार श्वास गालाला लागत होता.

वरून शिंग वाजले. लांब, सरळ, भक्कम. बैलांच्या घंटा एका लयीत खाली उतरू लागल्या. शिंगवाल्याला ओरडून सगळ्यांना सांगावेसे वाटले, की ऐका, हे किती सुंदर आहे. इतकी वर्षे तो वाजवत होता, पण धुक्यात चालणाऱ्याला तो आवाज काय वाटतो, हे त्याला आज कळत होते.

मग कड्याचे वळण आले आणि आवाज एकदम नाहीसा झाला.

"थांबली," शिंगवाला कुजबुजला. "तिचा दम संपला. मी म्हणत होतो."

"ती फुंकतेय," बैल म्हणाला. "कडा मध्ये आला. या वळणावर तुझंही कधी ऐकू यायचं नाही."

"मग तुम्ही चालायचात कसे?"

"पलीकडच्या डोंगरावरनं तिचं यायचं की. मी तांड्यात आलो तेव्हापासून आम्ही इथे त्याच आवाजावर पाय टाकले."

पुढच्या क्षणी शिंगवाल्याला सगळे उमगले, आणि त्याने बैलाचे वशिंड घट्ट धरले. "पण आज ती कातळावर आहे. मग पलीकडे कोण आहे?"

बैलही थांबला. मागचे सारे बैल थांबले. धुक्यात कोणी हलले नाही. एक बैल मागे सरकला आणि त्याच्या पायाखालचा दगड दरीत गेला. तो खाली आपटल्याचा आवाज आला नाही.

आणि तेव्हा पलीकडच्या डोंगरावरून सूर आला. चिरका, थरथरता, मध्येच खोकल्याने तुटलेला. पण आला, आणि पुन्हा आला.

"म्हातारी," बैल म्हणाला आणि पाय उचलला. "धनगरणीची सासू. परतीला तिच्या दारात पाणी पितो आम्ही, आवाज ओळखतो मी तिचा. सुनेचं एकही म्हणणं तिनं आजवर ऐकलेलं नाही. आज सुनेचं म्हशीचं शिंग घेऊन तिच्या सुरात सूर मिळवतेय, म्हणून खोकला आलाय."

त्या खोकणाऱ्या सुराच्या आधाराने सगळा तांडा वळण उतरला.

समुद्र दिसला तेव्हा शिंगवाला धावत सुटला. ओल्या वाळूतून त्याने एक शंख उचलला, आतले पाणी ओतून टाकले आणि फुंकला. दुसरा सूर निघाला. तो इतका भिकार होता, की बैलाला हसू आवरेना. तिसरा जरा बरा निघाला. चौथ्याला बैलाने कान टवकारले. परतीच्या मिठाच्या गोण्या भरून झाल्या तरी शिंगवाला फुंकतच होता, आणि प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा वेगळा होता.

तो अधूनमधून तांड्याबरोबर गावी येई. धनगरणीच्या काळातही एकही बैल दरीत गेला नाही. तिच्या सासूने पलीकडचे काम कोणालाही देणार नाही म्हणून सांगून टाकले. आणि गावाने रीत थोडी बदलली. काम सोडणाऱ्याने हत्यार टांगायचे ते सोने लुटून झाल्यावर, उघड्या फांदीवर, असे ठरले.

या गोष्टीचा बोध असा: सोडायचे मनात असेल तर ते लोकांना दिसू द्यावे, कारण जे आपण भीतीने धरून बसतो त्याची दुसरे कोणी आशेने वाट पाहत असते.

एक शंका मात्र मला लहानपणापासून होती. एका दुपारभरात भरले झाड असे उघडे पडेल का? पुढे फार वर्षांनी, एका दसऱ्याला, मी शिवेवरच्या आपट्याजवळ दुपारपासून उभा राहिलो. दिवे लागायच्या सुमारास त्याच्या काड्यांमधून पलीकडचा रस्ता स्वच्छ दिसत होता.