वर्तणुकीचा रकाना

एकदा एका मिशन हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी दहावीच्या अडतीस मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले स्वतःच्या हाताने लिहिले आणि त्यांतल्या एका दाखल्यावर ‘वर्तणूक’ हा रकाना कोरा ठेवला. तो दाखला शाळेत पहिल्या आलेल्या मुलीचा होता.

मुख्याध्यापकांचे नाव जयवंत लोंढे. बत्तीस वर्षे त्यांनी त्याच शाळेत गणित शिकवले होते आणि त्या जूनअखेरीस ते निवृत्त व्हायचे होते. शाळा तालुक्याच्या गावात होती, आवारातच ख्रिस्ती मंडळीचे देऊळ, म्हणजे चर्च, आणि मागे मुलींचे बोर्डिंग. ‘इथे कॉपी होत नाही’ अशी शाळेची ख्याती होती आणि शाळा समितीला तिचा मोठा अभिमान होता.

निकाल लागल्यावर दरवर्षी देवळात कृतज्ञतेची सभा भरे. शाळा सोडून जाणारा प्रत्येक विद्यार्थी उभा राहून या शाळेत आपण कसे घडलो ते सांगत असे. त्या वर्षीही मुले बोलली. एकजण म्हणाला, पूर्वी मी बोलताना अडखळायचो, आता सर्वांसमोर प्रार्थना करतो. एकीने सांगितले की आई गेल्यावर बोर्डिंगच्या बाईंनी तिला सांभाळले. शेवटी हन्ना कसबे उभी राहिली. हीच ती पहिली आलेली मुलगी. तिचे वडील मंडळीचे पंच होते, पुढच्याच बाकावर बसले होते. तिने लिहून आणलेला कागद वाचला.

“मी या शाळेत आले तेव्हा भित्री होते. आज मी सत्य सांगायला घाबरत नाही. ही शक्ती मला या शाळेने दिली.”

टाळ्या बराच वेळ चालल्या. लोंढेसरांनी मात्र टाळी वाजवली नाही. निवृत्तीमुळे त्यांचे मन भरून आले असेल, असे लोकांना वाटले.

घरी गेल्यावर वडिलांनी सभेत मिळालेला दाखला पाहिला. “अगं, वर्तणूक लिहायची राहिली की! म्हातारपण आलं सरांना. सोमवारी जा आणि भरून आण. कॉलेजात कोरा दाखला चालत नाही.”

सोमवारी हन्ना शाळेत गेली. लोंढेसर एकटेच कार्यालयात कपाट आवरत होते. तिने दाखला पुढे ठेवला.

“सर, एवढं लिहायचं राहिलंय.”

“राहिलं नाही. ठेवलंय,” सर म्हणाले. “बस.”

त्यांनी एका पाकिटातून बोटभर लांबीची कागदाची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्यावर बारीक अक्षरात विज्ञानाची सूत्रे होती. शेजारी त्यांनी हन्नाने सभेत वाचून शाळेत जमा केलेला कागद ठेवला. दोन्हींवर ‘शक्ती’ हा शब्द होता आणि दोन्हींतल्या ‘श’ला एक जास्तीची गाठ होती.

हन्नाने पट्टी ओळखली.

ती पट्टी आदल्या ऑक्टोबरातली होती. सहामाही परीक्षेत विज्ञानाच्या पेपरला ती हन्नाच्या मुठीत होती. वर्षभर पहिल्या येणाऱ्या मुलीला त्या एका दिवशी स्वतःचा भरवसा वाटला नव्हता. पर्यवेक्षक जवळ आले, तिची मूठ सुटली आणि पट्टी घरंगळत शेजारच्या बाकाखाली गेली. त्या बाकावर राहेल वैरागर बसली होती. बोर्डिंगमध्ये राहणारी, आईवडील ऊसतोडीला जाणारी मुलगी. ती म्हणाली, “माझी नाही.” पर्यवेक्षकांनी हन्नाला विचारले, “तू पाहिलंस का, कोणाची?” हन्ना म्हणाली, “मला माहीत नाही.”

समितीला शाळेचे नाव राखायचे होते. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी राहेलला सगळ्या शाळेसमोर उभे केले गेले आणि त्याच दिवशी तिच्या हातात दाखला पडला. दहावीच्या मध्यावर दुसऱ्या कोणत्या शाळेने तिला घेतले नाही. बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म भरला गेला नाही. ती मावशीच्या गावी गेली, एवढेच वर्गाला कळले. आठ दिवसांनी ते बोलणेही थांबले.

“सर, तुम्ही मला शिक्षा करताय,” हन्ना कसेबसे म्हणाली.

“नाही. शिक्षा करायची असती तर लिहून मोकळा झालो असतो. राहेलच्या दाखल्यावर मी याच पेनानं ‘असमाधानकारक’ लिहिलं, बाई. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. पट्टी कपाटात ठेवली, पण तिच्यावरचं अक्षर कोणाचं ते पाहिलं नाही. बोर्डिंगची पोर, तिचीच असणार असं धरून चाललो. शेजारी पंचांची हुशार मुलगी बसलीय, तिच्याकडे संशयानं पाहायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तू खोटं बोललीस ते सोळाव्या वर्षी, भीतीनं. मी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि मला कोणाची भीती नव्हती.”

त्यांनी पट्टी पुन्हा पाकिटात ठेवली.

“गेल्या आठवड्यात कपाट आवरताना ही पट्टी हाती आली, आणि सभेच्या आधी तू तपासायला दिलेला हा कागद वाचला. आता तुझ्या दाखल्यावर ‘उत्तम’ लिहिलं तर पुन्हा न पाहता लिहिल्यासारखं होईल. वाईट लिहिलं तर एकीचं शिक्षण मोडलंच आहे, दुसरीचंही मोडेल. मला लिहिता येईना. सभेत तुम्ही सगळ्यांनी आपापली वाढ सांगितली. टाळ्या वाजतात तिथं माणसाची वाढ कळत नाही. जिथं जायला तोंड नाही, तिथं जाऊन उभं राहता येतं का, ते पाहावं. मी जाऊन आलो. नवा दाखला लिहून घेऊन गेलो होतो. तिनं घेतला नाही. म्हणाली, ‘सर, काढलंत तेव्हा सगळ्यांसमोर काढलंत. आता एकटेच येऊन सांगता?’”

हन्ना रडू लागली. सरांनी तिला रडू दिले. मग एका कागदावर गावाचे नाव लिहून दिले.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच एस.टी.ने त्या गावी गेली. राहेल मावशीबरोबर एका बागायतदाराच्या कांद्याच्या चाळीत होती. सडलेले कांदे बाजूला काढण्याचे काम चालले होते. वासाने डोळ्यांत पाणी येत होते. राहेलने तिला पाहिले, पण हात थांबवले नाहीत.

“राहेल, ती चिठ्ठी माझी होती.”

“माहीत आहे मला.”

“तुला माहीत होतं?”

“तुझ्या हातातून पडताना पाहिली ना मी.”

“मग तू सांगितलं का नाहीस?”

राहेलने प्रथमच मान वर केली. “कोणाला सांगायचं? माझ्या बोलण्यावर तुझं नाव कोण मानणार होतं? पर्यवेक्षकांनी तुला विचारलं तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, ही सांगेल. ही रोज प्रार्थना चालवते.”

हन्ना म्हणाली, “मला क्षमा कर.”

“ते मला अजून येत नाही,” राहेल म्हणाली. आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. “आणि आलं तरी तुला कळवायला मी येणार नाही. जा आता, मुकादम ओरडेल.”

पंधरा जूनला शाळा सुरू झाली. पहिल्याच प्रार्थनेच्या वेळी, सगळी शाळा मैदानात उभी असताना, लोंढेसर पुढे आले आणि म्हणाले, “गेल्या वर्षी याच जागी आम्ही राहेल वैरागर हिला दोषी ठरवलं. ती निर्दोष होती. चूक माझी होती.” मग हन्ना पुढे झाली. तिने कागद आणला नव्हता. “चिठ्ठी माझी होती. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले,” एवढेच ती म्हणू शकली. कोणी टाळी वाजवली नाही. पाचवीतली नवी मुले काहीच न समजून एकमेकांकडे पाहत राहिली.

पुढचे सारे कडूच झाले. शाळेची अब्रू चव्हाट्यावर मांडली म्हणून समितीने लोंढेसरांचा निरोप समारंभ रद्द केला. तीस तारखेला ते किल्ल्या लिपिकाच्या हाती देऊन, छत्री घेऊन घरी गेले. जाण्यापूर्वी त्यांनी हन्नाच्या दाखल्यावर तिच्याच सांगण्यावरून ‘समाधानकारक’ असे लिहिले, आणि राहेलचा नवा दाखला पोस्टाने पाठवला. हन्नाचे वडील तिच्याशी महिनाभर बोलले नाहीत. जेव्हा बोलले तेव्हा म्हणाले, “पास झाली होतीस, कॉलेज मिळालं होतं. कोणाला काय कळलं असतं?” बापाच्या तोंडून हे ऐकताना तिला चिठ्ठीपेक्षाही जास्त लाज वाटली.

राहेल शाळेत परतली नाही. नवा दाखला मात्र तिने ठेवून घेतला आणि त्याच्या आधारावर सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून परीक्षेला बसली. हन्नाने आपल्या विज्ञानाच्या वह्या दोरीने बांधून तिला पाठवल्या होत्या. त्या गाठ न सोडता परत आल्या.

मार्च महिन्यात परीक्षेचे केंद्र म्हणून नेमकी तीच शाळा आली. पहिल्या पेपरच्या दिवशी हन्ना कॉलेज बुडवून फाटकासमोरच्या रस्त्याच्या कडेला उभी राहिली. राहेल मावशीबरोबर आली. तिने हन्नाला पाहिले, ओळखले आणि मान वळवून आत गेली.

हन्नाला वाईट वाटले. पण आपल्यावर अन्याय झाला असे तिला वाटले नाही, आणि हे तिच्या स्वतःच्याही लक्षात आले. पेपरची घंटा होईपर्यंत ती तिथेच उभी होती. मग ती कोणालाही न भेटता बसस्टँडकडे चालू लागली.

निरोपाच्या सभांत आपण मुलांच्या वाढीचे कौतुक करतो, ते करावेच; पण बोलायला उभे राहण्याआधी त्या वर्गात कोण उरले नाही, हे एकदा विचारून घ्यावे.