पौर्णिमेला सोडलेले पक्षी

"मारायचे म्हणजे सगळेच का रे?" महाराजांनी विचारलं.

"सगळेच," हेरंब म्हणाला. "एक जोडी जरी उरली, तरी पुन्हा थवा होईल."

कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठात उन्हाळा तापू लागला होता. अंगणात उडदाचे पापड वाळत होते आणि मठाचे गुरू अचलगिरी महाराज कावळे हाकत त्यांच्याजवळ बसले होते. काम मजेचं होतं आणि ते मजेत होते.

शिष्य हेरंबाच्या एका हातात जाळं होतं. दुसऱ्या हाताची मूठ त्याने उघडली. आत पांढऱ्या अंड्याची फुटकी टरफलं होती.

"तांबट पक्ष्याचं अंडं, महाराज. उंबराच्या वाळक्या फांदीत दोघांनी टोचून टोचून ढोली केली होती. या पाळीव पोपटांनी, लव्हबर्डांनी, ती बळकावली आणि अंडी खाली लोटली. सकाळपासून बिचारे फांदीभोवती नुसते फिरताहेत..."

हेरंबाला शिकल्याचा ताठा होता, पण तांबटांवर त्याचा जीव होता हेही तितकंच खरं.

"लव्हबर्ड इथले नाहीत. आफ्रिकेतले. आगंतुकांनी घरच्यांना हाकलावं आणि आपण दया दया करत बघत बसावं?"

"बरोबर आहे तुझं."

हेरंब गोंधळला. तो वादाची तयारी करून आला होता आणि वाद घालायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

"मग... आज्ञा आहे?"

"आहे. थांब जरा."

महाराज गुडघ्यावर हात टेकून उठले, देवघरात गेले आणि शंख घेऊन आले. तो त्यांनी हेरंबाच्या हातात ठेवला.

"हा कशाला?"

"सोडताना फुंकला होतास. मारतानाही फुंक."

हेरंबाचा चेहरा उतरला.

मठाची चालच होती ती. दर पौर्णिमेला लोक बाजारातून पक्षी विकत आणत, अंगणात पिंजरा उघडत आणि पुण्य पदरात पाडून घेत. पूर्वी मुनिया असत. त्यांच्या विक्रीला बंदी आली आणि लव्हबर्ड येऊ लागले. पिंजऱ्याचं दार उघडताना शंख फुंकायचा मान हेरंबाचा. फुंकायचाही असा, की नदीपलीकडची माणसं हात जोडत. हे पक्षी जाणार कुठं, राहणार कुठं, हे त्याला तेव्हा कधी सुचलं नाही. पुस्तकात मात्र सगळं वाचलेलं होतं.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी..." तो पुटपुटला.

"छे! चोरही तूच आणि संन्यासीही तूच. फाशी तेवढी तिसऱ्याला."

हेरंबाला रडू यायला हवं होतं, पण हसूच फुटलं. महाराजही पोटभर हसले.

मग हेरंबाने शंख आणि जाळं खाली ठेवलं.

"मग राहू देऊ त्यांना?"

"आणि तांबट?"

हेरंबाने उंबराकडे पाहिलं.

"मारायचं नाही, राहू द्यायचं नाही. मग करू तरी काय?"

पक्षी सोडून जाणारे लोक पिंजरे मठातच टाकून जात. ओसरीच्या कोपऱ्यात त्यांचा ढीग पडला होता. महाराजांनी त्यातला सर्वांत मोठा ओढून काढला. तेवढ्यात कावळ्याने एक पापड पळवला. त्यांनी तो जाऊ दिला. उपरण्याने पिंजरा पुसला, दार उघडझाप करून पाहिलं आणि तो हेरंबाच्या जाळ्याशेजारी ठेवला.

हेरंब पिंजऱ्याकडे बघत राहिला. त्याला समजलं होतं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

"पौर्णिमेला लोक येतील, त्यांना काय सांगू?"

"पक्ष्यांसकट परत जा म्हणावं."

"पण महाराज, ज्यांना मी मुक्त केलं, त्यांना माझ्याच हातानं पुन्हा कोंडायचं? तेही जन्मभर? हे पाप नाही का?"

"आहे."

"मग...?"

"पाणी रोज बदलत जा."