अप्पांच्या डिकीतली ओली गोणी

दिनकरअप्पा म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ. गाडीत जावयानं दिलेला साधासा अँप्लिफायर होता, तो बदलायचा नव्हता. त्यावर अप्पांना पंधरा इंची वूफर हवा होता.

"डिकीत गॅसची टाकी आहे, अप्पा," वूफरच्या पेट्या बनवणारी मंदाकिनी सुतार म्हणाली. "उरलेल्या जागेत लहान पेटीच मावेल. त्यात पंधरा इंची घुसमटेल. दहा इंची घ्या."

"मी दहा इंची माणूस वाटलो?" अप्पा गुरकावले. "परवा दोन्ही वाजव. लहान हरला, तर दुकानाची पाटी उतरवायची."

ठरल्या दिवशी अप्पांच्या माणसानं आधी पाटीला शिडी लावली. मंदाकिनीनं एकाच मापाच्या दोन पेट्या कापडाखाली झाकून ठेवल्या होत्या.

पहिली वाजली. अप्पांनी तोंड वाकडं केलं. "ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखं वाजतंय."

दुसरी वाजली, तशी गाडीची काच थरथरली. अप्पा खुलले. "हा खरा मोठा. हाच बसव. चढ रे, पाटी काढ."

मंदाकिनीनं कापड ओढलं. दुसऱ्या पेटीत दहा इंची होता.

"काहीतरी बनवाबनवी केलीस तू," अप्पा म्हणाले.

"मग पंधरा इंचीच बसवते," मंदाकिनी हळूच म्हणाली. "कुणी विचारलं तर सांगेन, ओली गोणी अप्पांनी स्वतःच्या कानांनी ओळखली, अन् तरी डिकीत घातली."

अप्पांनी शिडीकडं पाहिलं.

"चढलाच आहेस," ते माणसाला म्हणाले, "तर पाटी पुसून उतर."