ताटाखालच्या चिठ्ठ्या

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे ज्यानं मला सांगितली तो त्या दिवशी तिथे नव्हता. टेकडीचं नावही त्याला आठवत नव्हतं. पण बाकी सगळं खरं.

"पण महाराज, ज्याला भूक त्यानंच उठून घ्यावं… यात चुकलं काय?"

विचारणारा शार्दूल गव्हाणे. वय सव्वीस. सांगलीहून आला होता. पाठीवर लॅपटॉप घेऊन तीनशे बारा पायऱ्या चढला होता.

ज्यांना विचारलं ते पिंगळे महाराज. पूर्वी एका कंपनीत बावीस वर्षं कोड लिहायचे. मग एक दिवस टेकडीवर येऊन बसले. लोक म्हणतात वैराग्य आलं. ते स्वतः म्हणतात, नोटीस पिरियड संपला.

मठात वीज होती. रेंज उत्तम होती. बाकी फारसं काही नव्हतं.

महाराज शेंगा सोलत होते.

"भूक कुणाला लागलीय?"

"माझ्या पानाला."

शार्दूलनं नोकरी सोडून पहिल्यांदाच स्वतःचं काम घेतलं होतं. एका वधूवर सूचक मंडळाची वेबसाइट. प्रत्येक स्थळाचं एक पान, आणि पानाचे सात तुकडे. फोटो, नाव, शिक्षण, पत्रिका, गुणमेलन, अपेक्षा, मामाचं आडनाव. प्रत्येक तुकडा वेगळा बांधलेला. प्रत्येकानं आपली माहिती आपणच सर्व्हरकडून मागवायची.

"कुणी कुणाचा मिंधा नाही," शार्दूल म्हणाला. मान जरा ताठच होती. "एक तुकडा उचला, दुसऱ्या पानावर ठेवा, तिथेही चालतो. आख्ख्या सांगलीत असं कुणी केलेलं नाही."

"मग इथं कशाला आलास?"

…

"पान उघडायला अकरा सेकंद लागतात."

महाराजांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"अकरा?"

"अकरा. रविवारी मेळावा आहे. मंडळाच्या ढवळीकरबाई म्हणाल्या, एवढ्या वेळात मुलीकडचे लोक दुसऱ्या स्थळाला होकार देऊन येतात. रविवारपर्यंत दोन सेकंदांवर आलं नाही तर त्या परत वहीवर जाणार. आणि मी परत नोकरीवर."

"अकरा सेकंद दिसतं काय?"

"गोल चक्र फिरतं. आधी नाव येतं. नाव आलं की पत्रिकेचा तुकडा जागा होतो आणि पत्रिका मागवतो. ती आली की गुणमेलन जागं होतं. मग ते मागवतं…"

"म्हणजे नाव येईपर्यंत पत्रिका झोपलेली?"

"कुणाची पत्रिका हे नाव आल्याशिवाय तिला कळणार कसं, महाराज?"

हे तो असं म्हणाला, जणू महाराजांना हे कळायला अजून वेळ आहे.

"खरंय," महाराज म्हणाले. "चहा घेशील?"

"घेईन की."

"मग खाली उतर. पायथ्याच्या दुकानातून चहापूड आण."

शार्दूल उतरला. चढला. पुडा दिला. महाराजांनी पुडा फोडला, वास घेतला, मान डोलावली.

"झकास. आता साखर आण."

"मघाशीच सांगायचं ना!"

"चहापूड आल्याशिवाय साखरेला कळणार कसं?"

शार्दूल पुन्हा वळला. उतरला. चढला. साखरेची पिशवी ठेवली आणि शेवटच्या पायरीवरच बसला.

"आता दूध," महाराज म्हणाले.

"महाराज, दूध लागणार हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

"मला होतं. चहा म्हटल्यावर तुलाही होतं."

…

शार्दूलनं लॅपटॉप उघडला. 

"पानाच्या पत्त्यातच स्थळाचा नंबर असतो," तो हळूच म्हणाला. "हे बघा. चारशे सहा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग पत्रिका कशाला झोपली होती?"

शार्दूल ताडकन उठला.

"कळलं! तुकड्यांनी मागायचंच नाही. सगळ्यात वर एक मुकादम बसवतो. तो एका खेपेत सगळं आणेल आणि खाली वाटेल."

"बरं. मुकादम हो. दूध आण, आणि मठाला लागेल ते सगळं आण. एका खेपेत."

या वेळी तो दोन तासांनी आला. डोक्यावर पोतं, दोन्ही खांद्यांना पिशव्या, दातात दुधाची पिशवी. मठाच्या स्वयंपाकाचं बघणाऱ्या येसूमावशी सामान काढायला बसल्या. तांदूळ निघाले. उंदराचा पिंजरा निघाला. तीन डझन पणत्या निघाल्या. मग एक बाटली निघाली.

"हे काय रे?"

"बाळाचं ग्राइप वॉटर."

"मठात बाळ कुठंय?"

"मुकादमाला काय ठाऊक कुणाला काय लागतं? म्हणून दुकानात होतं ते सगळं आणलं. पुढेमागे लागलं तर…"

"मठात?" मावशी म्हणाल्या.

महाराजांनी चार शिष्यांना बोलावलं आणि मठाच्या पायरीपासून चुलीपर्यंत ओळीत बसवलं. शार्दूलला सगळ्यात वर. दूध एका पसरट परातीत ओतलं आणि परात त्याच्या हातात दिली.

"मुकादम, वाटा."

शार्दूलनं परात पहिल्याला दिली.

"मला दूध चालत नाही," पहिला म्हणाला.

"तुला नाही. पुढे द्यायचंय."

"पुढे कुणाला?"

"ते तुला कशाला हवंय? तू दे."

पहिल्यानं दुसऱ्याला दिली. दुसऱ्यानंही हेच विचारलं. तिसऱ्याच्या मांडीवर परात कलंडली. चौथा डुलक्या घेत होता, त्याला हलवून उठवावं लागलं.

येसूमावशींनी परातीत डोकावून बघितलं.

"लिटरभर निघालं होतं ना रे? हे तर मांजरीलाही पुरायचं नाही." मग महाराजांकडे वळून म्हणाल्या, "ह्याला ताटं दाखवा की आता. पाय सुजलेत पोराचे."

महाराजांनी नुसतं ओसरीकडे बोट केलं.

ओसरीवर महाराजांचं आणि चार शिष्यांची, अशी पाच ताटं उपडी मांडलेली होती. मठाची रीतच आहे ती. जेवण झालं की आपलं ताट आपण घासायचं आणि आपल्या जागेवर उपडं ठेवायचं. आपल्याला जे लागणार, त्याची चिठ्ठी ताटाखाली. दिवसातून एकदा एकजण खाली जातो. निघायच्या आधी तो ताटं उचलतो, चिठ्ठ्या गोळा करतो, कोठीत डोकावतो, मग पायरी उतरतो.

शार्दूलनं पहिलं ताट उचललं. चिठ्ठीवर होतं, 'जाडं मीठ.'

दुसरं. 'हिंग.'

तिसरं. 'काही नको. पोट बिघडलंय.'

चौथं. 'हिंग.'

"दोघांनी हिंग मागितलाय. दोन डब्या आणायच्या?"

महाराजांनी शेंग तोंडात टाकली.

"…एकच," शार्दूल स्वतःशीच म्हणाला.

पाचवं. 'हळद.' तो कोठीत गेला. हळद डब्यात कालचीच होती, अर्धा डबा. ती चिठ्ठी त्यानं खिशात घातली.

सहाव्या जागी ताटच नव्हतं. फरशीवर नुसता गोल डाग.

"इथे कोण असतं?"

"गेनोबा बसायचा," मावशी म्हणाल्या. "गेल्या महिन्यात घरी गेला. लोणच्याशिवाय जेवायचा नाही मेला."

"मग आता लोणचं येत नाही?"

"कुणासाठी? ताट नाही तर चिठ्ठी कुठली?"

शार्दूल डागाकडे बघत राहिला. मग ग्राइप वॉटरच्या बाटलीकडे. मग परत डागाकडे.

"महाराज, म्हणजे मागणी ज्याची त्याच्यापाशीच ठेवायची, पण जाणारा मात्र…"

"पाठ करू नकोस," महाराज म्हणाले. "पिंपळाखाली बस. तिथे रेंज जास्त आहे."

तो बसला. सातही तुकड्यांचं मागवणं त्यानं काढून टाकलं. प्रत्येक तुकड्यापाशी एकेक चिठ्ठी तेवढी ठेवली, मला हे लागतं म्हणून. पान उघडायच्या आधीच सगळ्या चिठ्ठ्या गोळा व्हायच्या, पत्त्यातला नंबर घ्यायचा, आधी कोठीत, म्हणजे आधीच आणून ठेवलेल्या माहितीत, बघायचं, आणि उरलेल्यासाठी एकच खेप. मामाच्या आडनावाचा तुकडा त्यानं गंमत म्हणून पानावरून काढून बघितला. त्याची चिठ्ठीही गेली. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

मावशींनी कोरा चहा आणून दिला, तो त्यानं न बघताच प्यायला.

उन्हं कलली तेव्हा त्यानं चारशे सहा उघडलं. सव्वा सेकंद.

चारशे सात. सव्वा सेकंद.

त्यानं ढवळीकरबाईंना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"बाई, पान उघडून बघा ना."

"बघते… अगं बाई! उघडलं की. पण ते चक्र कुठं गेलं?"

"काढलं."

"काढलंस? ते फिरायचं तोवर माझा अकरा वेळा जप व्हायचा."

"बाई… मग वही?"

पलीकडे वहीची पानं चाळल्याचा आवाज आला.  पिंपळाखाली बसलेले चारही शिष्य फोनकडे बघत होते. त्यांतल्या एकाचं पोट बिघडलेलं होतं, तरी तो उठला नाही.

"वही टाकते माळ्यावर. रविवारी नऊला ये. आणि इस्त्रीचा शर्ट घाल, लोक तुलाच स्थळ समजतील."

फोन बंद झाला.

शार्दूल महाराजांपुढे आला. सकाळची ताठ मान कुठे राहिली होती कुणास ठाऊक, बहुतेक पायऱ्यांवर. त्यानं वाकून नमस्कार केला.

"महाराज, गुरुदक्षिणा काय देऊ?"

महाराजांनी डोळे मिटले.

…

डोळे उघडले. मावशी आत गेल्यात का ते बघितलं. शिष्यांना हातानंच लांब जायला सांगितलं. मग कफनीच्या खिशातून मोबाइल काढून शार्दूलच्या शेजारी सरकून बसले.

"देशील?"

"मागाल ते."

"मंडळात एक नाव नोंदव."

"कुणाचं?"

"लिही. अनंत दामोदर पिंगळे. वय सत्तावन्न. राहायला टेकडीवर."

शार्दूलची बोटं लॅपटॉपवर होती, ती चालत राहिली.

"मामाचं आडनाव?" त्यानं सवयीनं विचारलं.

"भोपटकर."

"अपेक्षा?"

महाराजांनी पायऱ्यांकडे बघितलं.

"गुडघे चांगले हवेत."

आता कुठे शार्दूलची बोटं थांबली.

"महाराज… पण आपण तर ब्रह्मचारी!"

"पान अकरा सेकंद घ्यायचं, तोवर होतो."