दुसऱ्याच्या बुटाची नाडी

“मग चौतीस वर्षं तुम्ही या पोरांना शिकवलंत तरी काय?”

शशांक तोडकर फाटकातूनच बोलत आला. कॉलेजचा फुटबॉल संघ दाभोळे सरांकडून त्याच्या हाती येऊन जेमतेम महिना झाला होता, आणि तेवढ्यात पोरांनी त्याच्या नाकी नऊ आणले होते.

निवृत्त झालेले दाभोळे सर पायरीवर बसून जुने बूट पुसत होते. संध्याकाळची मैदानावरची फेरी त्यांनी अजून सोडली नव्हती.

“काय झालं?”

“गावात वरच्या तालमीकडून खेळणारा पोरगा खालच्या तालमीच्या पोराला पासच देत नाही. समोर गोल मोकळा असला तरी देत नाही. रविवारी तालमींच्या सामन्यात एकमेकांच्या नडग्या फोडतात, आणि सोमवारी एकाच जर्सीत माझ्यासमोर उभे. शुक्रवारी हरलो तर प्राचार्य संघच बंद करणार आहेत, सर. तसं तोंडावर सांगितलंय त्यांनी.”

“माझ्या वेळी देत होती की.”

“तेच विचारतोय, कशी? मी फळ्यावर आखून दाखवलं. मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. शेवटी हात जोडले...”

“आणि नाड्या?”

तोडकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरावाआधी प्रत्येकानं दुसऱ्या तालमीच्या पोराच्या बुटाची नाडी बांधायची, हा सरांचा जुना नेम. का, ते त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. प्रशिक्षकाची पदविका घेऊन आलेल्या तोडकरनं पहिल्याच दिवशी तो मोडीत काढला होता.

“रोजची दहा मिनिटं जात होती, सर. बालवाडी आहे का ती?”

सरांनी बूट पायांत चढवले आणि उजवा पाय पुढे केला.

“सर, मी भांडायला आलोय. खरंच सांगतो. असला संघ माझ्या गळ्यात मारून तुम्ही इथं निवांत...”

पाय तसाच.

“कमाल आहे तुमची,” असं पुटपुटत तोडकर चरफडत खाली बसला. नाडी त्यानं करकचून ओढली. मग हात आपोआप सैल झाला. याच माणसाच्या हाताखाली चार वर्षं खेळताना रोज करायचा, तसा त्यानं अंगठ्यानं बूट वरून चाचपून बघितला. सरांचा घोटा सुजला होता. हे त्याला आजच कळत होतं.

“लागत नाही ना, सर?”

“नाही.”

दुसरा पाय त्यानं न सांगताच जवळ घेतला. तीही नाडी बांधली, घोट्याला बेतानं जपून. मग मान वर केली.

सर त्याच्याकडेच बघत होते.

“हां,” ते म्हणाले. “आता भांड.”