भरदुपारी उचललेली पेटी

"पण बुवा, नुसतं फूल ठेवायला काय हरकत आहे?"

प्रभाकर तांबवेकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. पुढ्यात सही केलेला अर्ज होता आणि अर्जाशेजारी पानात गुंडाळून आणलेलं सोनचाफ्याचं फूल.

बुवा ओट्यावर पाय सोडून बसले होते.

"कशावर ठेवायचंय, ते तर सांगशील?"

"पेन्शनचा अर्ज आहे. माझी पेन्शन एका कंपनीकडे आहे. ती तिथून काढून दुसऱ्या कंपनीकडे न्यायची."

"का? पहिलीनं काय वाकडं केलं तुझं?"

"काही नाही. बावीस वर्षांत काहीच नाही. पण दुसरी जास्त देते."

जावळीच्या डोंगरात, कोयनेच्या पाण्याच्या वर, हा एवढासा मठ. बुवा गोसावी, वय ऐंशीच्या पुढं. मालमत्ता म्हणाल तर एक धुनी आणि नऊ मधपेट्या. तांबवेकर पिंपरीच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यावर मुख्य होते, दोन वर्षांत निवृत्त व्हायचे. एकतीस वर्षांत त्यांच्या नजरेतून केसाएवढी फट सुटली नाही, असं लोक म्हणत. म्हणजे ते स्वतःच म्हणत, लोक मान हलवत. वर्षातून दोनदा ते मठात येत आणि स्वतःला बुवांचे शिष्य म्हणवून घेत. बुवांनी त्याला कधी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

त्यांची पत्नी इंदुमती दाराशी बसून मठाचे तांदूळ निवडत होती. आल्या आल्या तिने सूप हातात घेतलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं.

"मी डोळे झाकून उडी मारत नाही, बुवा," तांबवेकर म्हणाले. "हा तक्ता बघा. डाव्या हाताला जुनी कंपनी, उजव्या हाताला नवी. व्याज, खर्च, कंपनीची पत, सगळं तोललंय. नवीकडे महिन्याला सहा हजार जास्त पडतात."

"मग माझ्याकडं कशाला आलास?"

"उद्या शेवटची तारीख आहे. आणि जुनी योजना आता बंद झालीय, नव्यानं कुणाला मिळत नाही. एकदा बाहेर पडलं की परत शिरता येत नाही. म्हणून म्हटलं, तुमच्या हातचं फूल पडावं. शकुन म्हणून."

"परतीची वाट न्हाई म्हणतोस?"

"नाही."

बुवांनी फूल हातात घेतलं. नाकाशी नेलं. अर्जावर मात्र ठेवलं नाही, कानामागे खोचलं.

"मला आकड्यातलं काय कळतंय, बाबा? फूल ठेवतो. पण आधी माझं एक काम कर. ती कडेची पेटी उचल आणि त्या हिरड्याच्या झाडाखाली नेऊन ठेव."

"आत्ता?"

"आत्ता."

बाराचं ऊन होतं. तांबवेकरांनी कडेच्या पेटीकडे पाहिलं, चाळीस पावलांवरच्या हिरड्याकडे पाहिलं. एवढंच ना, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट उमटलं. पेटीच्या दारात चिंधी कोंबायची, दणका द्यायचा नाही, वाकडी धरायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. एकदा पाहिलेलं ते विसरत नसत. लोखंडी स्टँडवरून पेटी त्यांनी अलगद उचलली, पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी न्यावी तशी नेली, हिरड्याखाली दोन दगडांवर टेकवली आणि चिंधी काढली.

परत आले तेव्हा घाम पुसत होते, पण खूश होते.

"वजन किती असंल?" बुवांनी विचारलं.

"बारा किलो. साडेबारा म्हणा."

"सगळं घर नेलंस?"

"सगळं. राणी आत, पोळी आत, मध आत. एक थेंब सांडला नाही."

"बरं."

तांबवेकर फुलाची वाट बघत बसले...

इंदुमतीने चहा आणला. चहा संपला. फूल कानामागेच.

मग रिकाम्या स्टँडवर एक माशी आली. घिरट्या घालून तिथंच हवेत थबकली. तिच्यामागून दुसरी आली. मग पाच-सहा. पायांना पिवळे कण चिकटलेले, अंगानं जडावलेल्या. जिथं दार होतं तिथं येऊन त्या दार शोधत होत्या. पाहता पाहता मूठभर माशा झाल्या, मग ओंजळभर. काही लोखंडावर उतरल्या आणि एकमेकींना धरून बसल्या.

"ह्या कुठल्या?" तांबवेकरांनी विचारलं.

"त्याच घरातल्या."

"पण घर तर मी..."

"रानात गेलत्या. खाली जांभूळ फुललीय."

"पेटी समोर दिसतेय की. चाळीस पावलांवर."

"तुला दिसतीय."

इंदुमती सूप खाली ठेवून उठली. स्टँडपासून दोन हातांवर उभी राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली, "कामाला गेल्या होत्या बिचाऱ्या. घरासाठीच ना? आता ह्यांनी कुठं जायचं?"

बुवा तांबवेकरांकडे न बघता म्हणाले, "तुझ्या साडेबारा किलोत ह्या धरल्या होत्यास का रे?"

तांबवेकरांनी अर्ज उचलला.

अकरावा प्रश्न: पेन्शन कोणाच्या हयातीपर्यंत? पुढे दोन चौकोन. पहिल्यात त्यांच्याच वळणदार हातानं केलेली खूण: फक्त सदस्याच्या.

त्यांना सगळं आठवलं, कारण ते विसरलेच नव्हते. दुसऱ्या, पत्नीच्याही हयातीच्या चौकोनात खूण केली की महिन्याचे सहा हजार जात होते, उलट जुन्यापेक्षा कमीच पडत होते. नव्या कंपनीचा हसतमुख पोरगा म्हणाला होता, "ते नका मनावर घेऊ सर, तुमची तब्येत ठणठणीत आहे." आणि जुन्या कंपनीच्या पिवळ्या पडलेल्या कागदावर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं: सदस्याच्या मागे पत्नीस, ती असेपर्यंत, तेवढीच रक्कम. ती ओळ त्यांनी तक्त्यात घेतली नव्हती. घेतली असती तर तक्ता बिघडत होता.

इंदुमती त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तिला ना नोकरी, ना माहेरचा आधार, ना मूलबाळ. तांबवेकरांचे वडील एकसष्टाव्या वर्षी गेले होते, चुलते चौसष्टाव्या.

केसाएवढी फट न सोडणाऱ्या माणसाने घराची अख्खी भिंत सोडली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी वाटली की बायकोकडे बघवेना.

"बुवा, पेटी परत आणू?"

"तुझ्या हातानं गेलीय. तूच आण."

या वेळी ते पळतच गेले. दारात चिंधी कोंबताना एक माशी मनगटाला चावली, त्यांनी हात हलवला नाही. पेटी स्टँडवर टेकली आणि चिंधी काढून ते बाजूला झाले. श्वास धरून उभे राहिले.

पहिल्यांदा कुणीच हललं नाही. मग लोखंडाला चिकटलेल्यांतली एक चालत दारापर्यंत गेली. आत शिरली. तिच्यामागून दुसरी शिरली, आणि मग तो सगळा पुंजका पाणी ओघळावं तसा दारातून आत गेला. हवेतल्या घिरट्या विरत गेल्या. थोड्या वेळाने पेटीतून रोजच्यासारखी संथ गुणगुण येऊ लागली.

तांबवेकर मटकन ओट्यावर बसले. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात, तो कसा उतरतो ते त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. अर्ज अजून आपल्याच हातात आहे, या एका गोष्टीचा त्यांना एवढा आनंद झाला की ते एकटेच हसले.

इंदुमतीने कुठूनसा चुना आणून त्यांच्या मनगटाला लावला.

"म्हणजे बुवा," थोड्या वेळाने ते म्हणाले, "पेटी हलवायचीच नाही?"

"कोण म्हणतं? दरसाल हलवतो. फुलोरा सरला की खाली दोन कोसांवर नेतो. न नेऊन खातील काय त्या?"

"मग?"

"आधी स्वतः जाऊन बघून येतो, तिकडं फुललंय का. दुसऱ्याच्या सांगण्यावर जात न्हाई. आणि दिवस कलू देतो. सगळ्या आत येऊ देतो."

तांबवेकरांनी अर्जाची घडी घातली, मग घडीचीही घडी घातली. मठात फोन लागत नाही. ते वळणापर्यंत चालत गेले आणि तिथून त्या हसतमुख पोराला फोन करून आले. येताना चाल हलकी झाली होती.

"काय म्हणाला?" इंदुमतीने विचारलं.

"म्हणाला, सर, संधी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे." ते तिच्या शेजारी बसले. तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग खाली मान घालून म्हणाले, "अगं, त्या अर्जात माझ्यामागं तुला काही नव्हतं. मी तशी खूण केली होती. आणि साक्षीदार म्हणून तुझीच सही घेतली. तुझा चष्मा घरी राहिला होता ना, त्याचा मी..."

"चष्मा पर्समध्येच होता," इंदुमती म्हणाली.

तांबवेकरांनी मान वर केली.

"वाचलं होतंस?"

"अकरावा प्रश्न. हो."

"मग सही का केलीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं तक्ता मांडला होता." तिने सूप पाखडलं. कोंडा उडाला. "सही केल्यापासून झोप मात्र नव्हती मला. आज लागेल."

तांबवेकरांनी तिच्या हातातलं सूप घेतलं आणि उरलेले तांदूळ स्वतः निवडू लागले. वाईट निवडत होते. ती हसू लागली, म्हणाली, खडे ठेवताय आणि तांदूळ टाकताय. बऱ्याच दिवसांनी ती अशी मोकळी हसली.

साडेचारच्या एसटीची वेळ झाली. दोघं पाया पडले. तांबवेकर पायरीशी घुटमळले. फूल अजून बुवांच्या कानामागे होतं, आणि बुवांनी दिलेला शब्द राहूनच गेला होता.

"बुवा, काम तर मी केलं. आता फूल ठेवता ना? अर्जावर नको. जुना कागद आणलाय बरोबर, त्या पिवळ्या कागदावर ठेवा."

बुवांनी कानामागचं फूल काढलं. पिवळ्या कागदाकडे पाहिलं. मग हात पुढे करून ते फूल इंदुमतीला दिलं.

"घाल केसात, पोरी. कागदाला वास कुठं कळतोय."